रूट छापताय तर महिनाही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत ट्रेल रनिंगवर पानभर लेख आला होता ना, डोंगरपायथ्याच्या जंगलातले निसर्गरम्य रूट म्हणून, त्याबद्दल लिहितेय. लेख आवडला हे आधीच सांगते, नाहीतर बाई नुसती तक्रार करायला बसली असं वाटेल. आमच्या कर्जत-नेरळकडच्या वाटा कोणीतरी धावण्यासाठी म्हणून लिहिल्या याचंच कौतुक, एरवी आमच्या तालुक्याचं नाव पेपरात येतं ते फार्महाऊसच्या जाहिरातीत नाहीतर धबधब्यात कोणी बुडालं की. पण लेख छापलात एप्रिलमध्ये आणि फोटो टाकलेत पावसाळ्यातले. माथेरानच्या डोंगरातल्या गारबेटच्या पठारावर हिरवंगार गवत, मागे ढग, कड्यावरून पाणी कोसळतंय. एप्रिलमधलं गारबेट ज्यांनी पाहिलंय ते तो फोटो बघून हसतील आणि पान उलटतील, पण ज्यांनी नाही पाहिलं ते शनिवारी रात्री बॅग भरतात आणि रविवारी सकाळी भिवपुरी रोड स्टेशनला उतरतात. आणि तसंच झालं. लेखानंतरच्या रविवारी स्टेशनबाहेर नव्या कोऱ्या शूजवाली पाच-सहा मंडळी उभी, हातात अर्ध्या लिटरची एकेक बाटली, आणि त्यातला एक मला विचारतो, ताई धबधबा किती किलोमीटरवर लागेल. एप्रिलमध्ये! तेही साडेआठला, म्हणजे आमचं धावून झालं होतं आणि आम्ही वडापावच्या गाडीवर उभ्या होतो.

त्या पोरांना काय बोलणार, त्यांनी तुमचा लेख वाचला होता.

माझं म्हणणं एवढंच आहे की सह्याद्रीच्या पायथ्याचा रूट नुसत्या किलोमीटर आणि चढाईवर सांगून चालत नाही, महिना सांगावाच लागतो. तुम्ही प्रत्येक रूटपुढे ‘मध्यम’, ‘सोपा’, ‘अवघड’ असं छापलंय. पण मध्यम कधी? कोंदिवड्याहून कोंडाणे लेण्यांवरून राजमाची किल्ल्याच्या उधेवाडी गावाला चढणारी वाट डिसेंबरमध्ये मध्यम आहे, जुलैमध्ये तिथे धावणं म्हणजे नसती आफत, आणि मेमध्ये दहा वाजल्यानंतर तर नकोच. वाट तीच, झाडं तीच, खालचं मात्र सगळं बदललेलं असतं.

रेल्वेला हे कळतं बघा. नेरळ-माथेरान मिनी ट्रेन 1907 पासून आहे, पण दर पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद ठेवतात, वरची अमन लॉज-माथेरान शटल तेवढी चालू राहते. 2005 च्या 26 जुलैच्या पावसाने तो मार्ग असा उखडला की गाडी परत सुरू व्हायला 2007 उजाडलं. 2019 ला पुन्हा तेच, मग नेरळहून गाडी सुटली ती ऑक्टोबर 2022 मध्ये. लोखंडी रुळांची ही गत, तर त्याच डोंगराच्या मातीच्या पायवाटांचं काय होत असेल सांगा. ट्रेलच्या मोठ्या रेसवालेसुद्धा महिना बघूनच तारीख ठरवतात, सिंहगड-राजगड-तोरण्याची एसआरटी अल्ट्रा डिसेंबरात असते, आणि तिकडे आल्प्समध्ये शामोनीची यूटीएमबी, मों ब्लां पर्वताला वळसा घालणारी रेस, जी धावायला आता आपल्याकडचेही बरेच जण जातात, ती ऑगस्टच्या शेवटी, कारण उंचावरच्या खिंडींमधला बर्फ तोवर बऱ्यापैकी वितळलेला असतो. मग पेपरातल्या रूटलाच महिना का नको?

आमच्याकडचा खरा सीझन म्हणाल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर. तेव्हा या, खरंच या. पहाटे कोंदिवड्यातून निघायचं, उल्हास नदीचं पात्र बाजूला, त्यावर धुकं, हवेत गारवा इतका की पहिले दहा मिनिटं कानटोपी काढवत नाही. गाव संपलं की साग, ऐन, किंजळ सुरू होतात, पायाखाली सागाची वाळलेली पानं, त्यांचा एवढा आवाज होतो की पुढचा माणूस दिसला नाही तरी कुठे पोचलाय ते कळतं. मग कोंडाणे लेणी लागतात. दोन हजार वर्षांपूर्वीचा चैत्य, दगडात कोरलेला पण कोरणाऱ्यांनी लाकडी घराच्या तुळया-कमानी हुबेहूब उतरवलेल्या, पावसाळ्यात याच्यासमोर वरून पाण्याचा पडदा पडतो आणि फोटोवाल्यांची झुंबड उडते, डिसेंबरमध्ये मात्र तुम्ही आणि वटवाघळं. तिथून खरी चढण, उधेवाडीपर्यंत बरंच चढायचं आहे, त्यात धावण्यासारखं फार थोडं, बाकी गुडघ्यावर हात ठेवून चालायचं आणि त्यात लाज वाटून घ्यायची नाही, मोठमोठे रनरही तेच करतात. वर पोचलं की राजमाचीचे दोन बालेकिल्ले, श्रीवर्धन आणि मनरंजन, दोन बाजूंना, उधेवाडीत पोहे आणि चहा. उतरताना सांभाळून, कारण डिसेंबरनंतर मुरमाचा घसारा सुटलेला असतो, बॉलबेअरिंगवर पाय टाकल्यासारखं वाटतं. इथे शूजची ग्रिप बघा, रस्त्यावर धावायचे शूज घालून येणारे इथेच बसतात, म्हणजे अक्षरशः बसतात.

नवीन असाल तर लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे उधेवाडीला जा, पंधरा-सोळा किलोमीटर, रुंद कच्चा रस्ता, मोठी चढण नाही. तुमच्या लेखात हे दोन्ही एकच रूट असल्यासारखं लिहिलंय, ‘राजमाची ट्रेल’ म्हणून. एक घाटमाथ्यावरनं जातो आणि दुसरा कोकणातून वर चढतो, दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक.

असंच खांडस-भीमाशंकरचं केलंय. खांडसहून वर जायला गणेश घाट वेगळा आणि शिडी घाट वेगळा. गणेश घाट लांबचा, पण सरळमार्गी. शिडी घाटात कड्याला लोखंडी शिड्या आहेत, खाली दरी, तिथे धावणं सोडा, पावसात चालायलाही जाऊ नये. लेखात नुसतं ‘खांडसमार्गे’. आता ज्याला माहीत नाही तो मॅपवर जो जवळचा दिसेल तो घेणार, आणि जवळचा शिडी घाटच आहे. शिवाय श्रावणात आणि महाशिवरात्रीला भाविक याच वाटांनी पायी चढतात, तेव्हा तिथे टायमिंग काढायला जाणं हे मला तरी बरोबर वाटत नाही. आणि वर गेलं की ते अभयारण्य आहे, 1985 पासून, शेकरूसाठी केलेलं. गळ्यात स्पीकर अडकवून धावणारे आजकाल फार झालेत, त्यांना एवढं तरी सांगा की शेकरू तुमच्या प्लेलिस्टसाठी झाडावर थांबत नाही.

ऑक्टोबरबद्दल लेखात ‘सर्वोत्तम, फुलांचा हंगाम’ असं एका ठिकाणी आहे, तेवढाच एक महिना तुम्ही छापलाय आणि तोही अर्धवट. फुलं असतात, हो. सोनकी पिवळीधमक, तेरडा, आणि सात-आठ वर्षांनी एकदा कारवी फुलते तेव्हा तर सगळा उतार जांभळा होतो. पण ऑक्टोबरमध्ये गवत कमरेच्या वर असतं, कधी खांद्याला लागतं, पायवाट त्यात दिसतच नाही आणि दिसत नाही तिथे पाय टाकायचा असतो. फुरसं, घोणस, मण्यार, नाग, चारही आमच्याकडे आहेत. फुरसं तर एवढंसं असतं आणि दगडाच्या रंगाचं, गवत नसतानाही दिसत नाही. गवत वाळायला लागलं की मग कुसळं. ज्यांना कुसळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ते सुईसारखं टोकदार बी असतं आणि त्याला मागे पीळ घातलेली शेपटी, मोज्यात शिरलं की तुमच्या प्रत्येक पावलागणिक ते फिरत फिरत आत जातं, ओढून काढायला गेलात की टोक मोज्यातच राहतं. घरी आल्यावर मोजे फेकूनच द्यावे लागतात. त्या महिन्यात गुडघ्यापर्यंतचे मोजे किंवा गेटर (शूजच्या वर पायाला बांधायचं आवरण), आणि हातात काठी, वेग विसरून जायचा.

पावसाळ्याचं मात्र मला जरा जास्त लिहायचंय.

माथेरानच्या डोंगरावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बेसॉल्टच्या दगडावर जुलैपर्यंत शेवाळाचा असा थर चढतो की शूज हजारांचे असोत की पंधरा हजारांचे, घसरायचं ते घसरायचंच. पण घसरण्यापेक्षा ओढे वाईट. तुमच्या लेखाखाली क्यूआर कोड होता, स्कॅन केला की जीपीएक्स फाइल डाऊनलोड होते, म्हणजे मोबाइलला किंवा जीपीएस घड्याळाला वाट दाखवणारा नकाशा. मी केली. ती हिवाळ्यात रेकॉर्ड केलेली आहे हे उघड आहे, कारण गारबेटच्या रूटवर पाली-भूतिवली धरण सोडून सागाच्या वाडीकडे जाताना तिने ओढा सरळ रेषेत ओलांडलाय. जानेवारीत तिथे दगडांवरून उड्या मारत जाता येतं, शूज भिजत नाहीत. जुलैमध्ये वर डोंगरात पाऊस झाला की तोच ओढा अर्ध्या तासात मांड्यांपर्यंत चढतो, जाताना गुडघाभर होता म्हणून येताना तेवढाच असेल असं काही नसतं. आणि घड्याळ सांगत राहतं, सरळ जा. घड्याळाचं ऐकणारी पोरं असतात हो, पाणी समोर दिसत असतानाही घड्याळाचं ऐकतात. 2024 च्या 30 जूनला लोणावळ्यात भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तो व्हिडिओ सगळ्या महाराष्ट्राने पाहिला, पाणी किती पटकन वाढतं ते त्यात दिसतं. दर पावसाळ्यात धबधब्यांवर बंदीचे आदेश निघतात, आणि दर पावसाळ्यात लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या रेस्क्यूवाल्यांची पोरं आपली कामं सोडून दोर घेऊन धावतात. ती पगारी नाहीत. पेपरात रूट छापताना याचा विचार व्हायला पाहिजे की नको?

आणि इर्शाळगड. हे वाचून मी पुरवणी खाली ठेवली होती. लेखात लिहिलंय, चौकजवळच्या नानिवलीतून चढाई, वर छोटी ठाकर वाडी, तिथे चहा-नाश्त्याची सोय. अहो, ती वाडी आता नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री दरड आली आणि इर्शाळवाडी तिच्याखाली गेली. 27 मृतदेह मिळाले आणि 57 माणसं सापडलीच नाहीत, चार दिवसांनी शोध थांबवला. वर जायला फक्त पायवाट, त्यामुळे जेसीबी नेता आला नाही, माणसं हातातल्या टिकाव-फावड्यांनी उकरत होती, आणि त्या रात्री पावसात मदतीला चढताना नवी मुंबईच्या अग्निशमन दलातले एक जण हार्ट अटॅकने गेले. उरलेली कुटुंबं खाली चौकला आली. आणि तुमच्या लेखात तिथे चहा मिळतोय. लेखकाने कुठून तरी जुनी माहिती उचलली असणार, होतं असं, पण डेस्कवर एकानेही थांबून बघितलं नाही? रायगडात राहणाऱ्या कोणालाही फोन केला असता तरी कळलं असतं. माझी विनंती आहे की याची दुरुस्ती छापा, छोट्या चौकटीत नको, ज्या पानावर लेख होता त्याच पानावर.

(यावर कोणी म्हणेल की मग पावसाळ्यात धावायचंच नाही का? धावा की. माथेरानला वर जा, दस्तुरीला गाडी ठेवा, आत मोटारींना बंदीच आहे, झाडाखालचे लाल मातीचे रस्ते, धुकं, आणि शीळकरी कस्तूर पहाटे अशी शीळ घालतो की वाटतं कोणी माणूसच मागे चाललाय. तिकडेही पेव्हर ब्लॉक येतायत, त्यावरून प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, तो वेगळा विषय आहे आणि त्यावर लिहायला बसले तर तुमचं अख्खं पान जाईल. पण कड्याच्या पॉइंटपासून लांब रहा.)

फेब्रुवारीनंतर वणव्यांचे दिवस. वनखातं आग पसरू नये म्हणून जाळरेषा काढतं, म्हणजे गवताचे पट्टे आधीच जाळून ठेवतं, तरी उतारच्या उतार काळे पडलेले दिसतात, कोणी मुद्दाम लावतं, कोणाची विडी पडते. जळलेल्या उतारावरून धावताना राखेत कारवीची तोडलेली खुंटं असतात, तिरकी तासलेली, शूजच्या तळातून आरपार जाऊ शकतात. पळस-पांगारा याच दिवसांत फुललेला असतो म्हणून मान वर करून धावायचा मोह होतो, नका करू. मार्च ते मे म्हणजे ऊन आणि आग्या मोहोळ. कर्जतला एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, वर दमट हवा, घाम वाळतच नाही. डिसेंबरात वाटेवर जिथे पाणी भरून घेता येतं तिथे एप्रिलमध्ये चिखलही नसतो, वाडीतल्या बायाच हंडे घेऊन लांब जात असतात, त्यांच्याकडे बाटली भरून मागायला मला तरी लाज वाटेल. आग्या मोहोळ कड्यांना लटकलेलं असतं, धूर नको, आरडाओरडा नको, आणि डिओ-परफ्युम मारून तर येऊच नका. सकाळी साडेपाचला सुरू करून आठच्या आत खाली, दोन लिटर पाणी अंगावर, हा उन्हाळ्याचा नियम. एवढं एक वाक्य लेखात असतं तरी ती स्टेशनबाहेरची पोरं घरी झोपली असती किंवा पहाटेच्या लोकलने आली असती.

अजून एक राहिलं, लेखात वाटांचं वर्णन असं आहे की जणू त्या रनरसाठीच बनल्यात. त्या वाटा ठाकर, कातकरी, महादेव कोळी लोकांनी चालून चालून पाडल्यात, आजही त्याच वाटेने मोळी खाली येते, मेमध्ये करवंदं आणि जांभळं पाट्यांमधून स्टेशनला येतात, पोरं शाळेत जातात. अरुंद वाटेवर समोरून मोळीवाली आली तर रनरने बाजूला उभं राहायचं, तिच्या डोक्यावर वीस-पंचवीस किलो असतात आणि तुमच्या पाठीवर दोन एनर्जी जेल आणि मोबाइल. ‘साइड प्लीज’ ओरडत गेलेले बघितलेत मी. मी धावायला लागले तेव्हा वाडीतल्या आज्या विचारायच्या, काय गं, गाडी चुकली का? आता ओळखतात, थांबवून ताक देतात, आणि पैसे देऊ केले की रागावतात, मग मी पुढच्या वेळी त्यांना गावातून काहीतरी घेऊन जाते.

वाड्यांना रस्ता नको असं मी कधीच म्हणणार नाही. दिवस भरलेल्या बाईला झोळीत घालून खाली आणावं लागतं तिथे माझ्या ट्रेलचं कसलं कौतुक. माझा राग आहे तो प्लॉटिंगवर. डोंगराच्या पायथ्याला जमीन घ्यायची, ‘फॉरेस्ट टच’ म्हणून तुकडे विकायचे आणि शेकडो वर्षांच्या पायवाटेवर तारेचं कंपाऊंड ठोकायचं. गेल्या काही वर्षांत अशा किती वाटा वळल्या, त्यामुळे जुनी जीपीएक्स फाइल कोणाच्या तरी स्विमिंग पुलातून जाते. वाडीतल्या माणसाला त्या कुंपणाला वळसा घालून रोज जास्त चालावं लागतं, आम्ही तर रविवारी येणारे. तुमच्या पेपरात त्याच पानाच्या खाली अशाच एका प्रोजेक्टची जाहिरात होती, असो, पेपर चालवायला जाहिराती लागतात हे मलाही कळतं.

तर पुढच्या वेळी प्रत्येक रूटपुढे महिने छापा, कुठला घाट ते नावाने छापा, पाणी कुठल्या महिन्यापर्यंत मिळतं ते छापा, आणि छापण्याआधी त्या गावातल्या एका माणसाला फोन करा. फोटोखाली कधी काढलाय ते एका ओळीत टाकायला जागा कितीशी लागते. ट्रेल रनिंगची पुरवणी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात काढा, मी स्वतः दहा प्रती घेऊन वाटेन.

आणि मेच्या शेवटी तुमचा काजव्यांचा लेख येईल, दरवर्षी येतो, राजमाची, भंडारदरा, पुरुषवाडी. यंदा कोणीतरी ‘काजव्यांच्या प्रकाशात नाइट ट्रेल रन’ काढणार अशी चर्चा ग्रुपवर चालू आहे. काजवे एकमेकांना शोधतात ते त्या लुकलुकण्यावरच, त्यात शंभर हेडलॅम्प घेऊन घुसलात तर त्यांचं काय होईल ते एकदा लेखात स्पष्ट लिहा, आणि असल्या रनची जाहिरात आली तर कृपा करून परत पाठवा.

आपली,
एक वाचक (आणि रविवारची रनर), कर्जत, जि. रायगड